डोक्यावरून

निमाणीच्या स्टँडसमोर रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "कुठं जायचं ताई?" आणि सविताला सांगता येईना. तोंड उघडलं होतं, पण सांगायचं ते नाव जागेवर नव्हतं. कॉलेज तिला लख्ख दिसत होतं. फाटकाजवळचा कडुलिंब, पाण्याची टाकी, कधीच नीट बंद न होणारा नळ, रविवारी मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.चे विद्यार्थी जमायचे तो दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग, आणि ती बसायची ती खिडकीकडची जागा. सगळं होतं. नावाच्या जागी मात्र पुसलेल्या फळ्यासारखं पांढुरकं काहीतरी होतं. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. "नवीन आहे का नाशिकला?" रिक्षावाल्याने चांगुलपणानेच विचारलं. "नाही," ती म्हणाली, आणि मग "राहू द्या दादा, चालत जाते," असं म्हणून पिशवी छातीशी धरून चालायला लागली. मेच्या उन्हात रस्त्यावरचे पत्रे, आरसे, गाड्यांच्या टाक्या चकाकत होत्या आणि प्रत्येक चकाकी डोळ्यांमागे टोचत होती. बाजारातून वाट काढताना ती हळूच पुटपुटू लागली. मेथी. शेपू. गवार. दुधी. ही नावं येत होती. आपण एखाद्या लहान मुलीची परीक्षा घेतो तशी स्वतःची परीक्षा घेतोय हे लक्षात आल्यावर ती गप्प झाली. होळकर पुलाच्या मध्यावर, ती दुसराच काही विचार करत असताना, कॉलेजचं नाव आपसूक आलं. ती कठड्याला धरून थांबली. नाव आलं याचा आनंद झालाच नाही. ते इतका वेळ कुठे होतं, हा प्रश्न तेवढा उरला.

नावं हा तिच्या धंद्याचा भाग होता. सविता भोये फुटबॉल संघाच्या बचावफळीच्या मधोमध खेळायची. तिथे उभ्या राहणाऱ्या मुलीला सगळं मैदान समोर दिसतं, म्हणून तिने ओरडत राहायचं असतं. कोण मोकळी सुटली, कोणी मागे यायचं, कोणी पुढे सरकायचं. नव्वद मिनिटं ती दहा जणींची नावं हाकारत असायची. सामना संपला की घसा बसायचा. आणि दुसरं तिचं काम म्हणजे उंच आलेला चेंडू डोक्याने परतवणं. सुरगाण्याच्या अलीकडच्या आश्रमशाळेत, अनवाणी खेळत असतानाच खेळाच्या सरांनी हेरलं होतं की ही पोरगी चेंडू येताना डोळे मिटत नाही. सगळ्या मिटतात. ती मिटायची नाही. "डोकं लाव, सवे, डोकं लाव!" सर बाहेरून ओरडायचे, आणि गणिताच्या तासाला दुसरे सर हेच शब्द कपाळावर बोट आपटत म्हणायचे, तेव्हा वर्गातल्या पोरी फिदीफिदी हसायच्या. त्या डोक्याने तिला डोंगराबाहेर काढलं. क्रीडा प्रबोधिनी, मग राज्याचा संघ, मग क्लब. आज घरी जे काही उभं होतं, पक्क्या भिंती, धनराजचं म्हणजे धाकट्या भावाचं आयटीआय, आई अक्काबाईचं मजुरीला जाणं थांबणं, ते या डोक्यावर उभं होतं.

वर्गात मॅडमनी तिलाच वाचायला सांगितलं. ती नेहमी वाचायची. आवाज मोठा म्हणून. "भोये, पान पुढचं." समाजशास्त्राचं पुस्तक. पहिली ओळ तिने वाचली, दुसरी वाचली, आणि तिसऱ्या ओळीवरून नजर घसरून परत दुसरीवर आली. तीच ओळ पुन्हा वाचतोय हे तिला अर्ध्यात कळलं. मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. मॅडम म्हणाल्या, "अगं, ऊन लागलं असेल. पाणी पी." ती पाणी प्यायली. ऊन लागलेलं नव्हतं. हे गेले काही महिने चालू होतं आणि तिने त्याला दरवेळी वेगळं नाव दिलं होतं. प्रवास. झोप. हिमोग्लोबिन. चष्म्याचा नंबर. नवीन कारण सापडलं की आठ-दहा दिवस बरे जायचे. एकच कारण तिने कधी उच्चारलं नव्हतं, आणि आता बाकावर बसून, पुस्तकातल्या ओळी मुंग्यांसारख्या जागा सोडत असताना, ते कारण समोर येऊन बसलं.

जानेवारीतला सामना. कॉर्नर किक. चेंडू हवेत वळत येत होता आणि तो आपला आहे हे तिला चेंडू सुटतानाच कळलं होतं. गोलकीपर संजनालाही तो आपलाच वाटला. दोघी एकदमच उडाल्या. संजनाची मूठ चेंडूला निसटती लागली आणि पूर्ण ताकदीने सविताच्या कानशिलावर बसली. नंतर गवत. गवताचा वास फार जवळून, आणि संजना रडत म्हणतेय, "सव्या, सव्या, माझ्याकडं बघ." मग संघाचे डॉक्टर धावत आले, त्यांनी टॉर्च मारला आणि विचारलं, "आपण कुठे आहोत? कोणतं शहर?" सविताला माहीत नव्हतं. पण डॉक्टरांच्या खांद्यामागे जाहिरातीचा फलक होता आणि त्यावर शहराचं नाव लिहिलेलं होतं. तिने ते वाचून दाखवलं. डॉक्टर हसले. ती उठली, राहिलेला सामना खेळली, त्यानंतर शेवटापर्यंतचा हंगाम खेळली. त्या सामन्यातलं पुढचं काही तिला आजही आठवत नाही. संजनाने नंतर हॉटेलात विचारलं होतं, "खरंच बरं आहे ना?" आणि तिने उशी फेकून मारली होती. वाचता येतं म्हणून सुटले, असं तिला तेव्हा गमतीने वाटलं होतं.

वाचणं हे प्रकरण तिने उशिरा सुरू केलं होतं. बारावीनंतर शिक्षण सुटलं ते सुटलंच. मग एकदा संघातली एक सीनियर, गुडघा गेल्यावर, निरोप घ्यायला आली आणि सगळ्यांना मिठ्या मारून झाल्यावर सविताला बाजूला घेऊन म्हणाली, "पदवी घेऊन ठेव बाई. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरीसुद्धा पदवी मागते." त्याच वर्षी तिने मुक्त विद्यापीठात नाव घातलं. विमानतळावर, बसमध्ये, सरावानंतर बर्फाच्या पाण्यात पाय सोडून ती पुस्तकं वाचायची. पोरी तिला प्रोफेसर म्हणायच्या. नोकरी हे कारण हळूहळू मागे पडलं. पुस्तकातलं एखादं वाक्य तिला आपल्या घराचा दरवाजा उघडल्यासारखं वाटायचं. आपल्याकडे जे नुसतं घडत आलं त्याला नाव आहे, कोणीतरी बसून त्याचा विचार केलाय, याचं तिला नवल वाटायचं. आता तिसरं वर्ष होतं. परीक्षा जूनमध्ये. आणि त्याच्या आधी क्लबचा नवा करार, ज्याच्यासाठी वैद्यकीय तपासणी व्हायची होती.

हंगाम संपल्यावर ती नाशिकला पंचवटीतच राहायची, चतुराबाईंच्या घराच्या वरच्या खोलीत. चतुराबाई मूळच्या नामपूरच्या. नवरा धोंडीराम गेल्यावर शेती पुतण्यांकडे सोपवून त्या इथे एकट्या राहत होत्या. त्या दिवशी वर्गावरून आल्यावर त्यांनी खालूनच विचारलं, "जेवलीस का?" आणि सविता म्हणाली, "हो." जेवली नव्हती. संध्याकाळी ती मैदानावर गेली. गोल्फ क्लब म्हणतात त्या मैदानावर शहरातल्या मुली सराव करायच्या, तिला पाहून त्यांना हुरूप यायचा. दोन बाजू पाडल्या, खेळ सुरू झाला. पायांना सगळं आठवत होतं. पाय कसे विसरत नाहीत, याचं तिला बरं वाटलं. धूळ उडत होती, पलीकडे म्हातारी माणसं गोल चकरा मारत होती, आणि थोडा वेळ तिला वाटलं की सकाळचं ते काहीच नव्हतं. मग उजवीकडून एका लहानखुऱ्या मुलीने चेंडू उंच टाकला. साधा चेंडू. असे हजारो तिने परतवले होते. चेंडू वर चढला, उन्हात क्षणभर काळा झाला, आणि खाली यायला लागला. तिने पाऊल घेतलं, गुडघे वाकवले. आता उडायचं. पण शरीर वाकलेलंच राहिलं. खांदे वर आले, हनुवटी छातीला लागली, आणि तिने डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा. चेंडू तिच्या डोक्यावरून गेला, तो जाताना झालेला वारा केसांना लागला, आणि मागे कोणीतरी तो आरामात गोलात ढकलला. पोरी ओरडल्या, मग गप्प झाल्या. "ताई, काय झालं?" एकीने विचारलं. "काही नाही. खेळा," ती म्हणाली. ती रेषेबाहेर जाऊन गवतावर बसली. तिला लाज वाटायला हवी होती. पण वाटत होतं ते वेगळंच. ज्याने इतके महिने तिला सांगायचा प्रयत्न केला होता ते शरीर शेवटी तिला न विचारता बोललं होतं, आणि त्याच्यावर तिला रागावता येत नव्हतं.

गंगापूर रोडवरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बोटं दाखवली, एका पायावर उभं केलं, शब्द सांगून मागाहून विचारले. एक शब्द तिला आला नाही. जानेवारीतली हकीकत तिने सगळी सांगितली, फलकासकट. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मेंदूचा स्कॅन काढून घेतला आणि तो बराच वेळ बघत राहिल्या. "यात दिसण्यासारखं काही नाही," त्या म्हणाल्या, "पण याचा अर्थ काही झालं नाही असा नाही. मेंदूला धक्का बसलाय आणि त्याला तुम्ही आराम दिलाच नाही. वर पुन्हा पुन्हा डोक्याने चेंडू मारत राहिलात. हे भरून येतं, बहुतेकांचं येतं. पण त्याआधी परत असंच लागलं तर मी काही सांगू शकत नाही."

"खेळायचं नाही?"

"आत्ता नाही. आणि वाचनही बंद ठेवा. मोबाइल, पुस्तक, काही नको."

"माझी परीक्षा आहे."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "कोणी वाचून दाखवणारं आहे का? मग ऐका. डोळे मिटून, थोडं थोडं."

बाहेर आल्यावर तिने आईला फोन लावला. अक्काबाईने तिचा एकच सामना प्रत्यक्ष पाहिला होता, आणि तो सबंध सामना पदर तोंडाशी धरून. आता सविताने तिला सगळं सांगितलं. "मंग तू उठलीस कशाला?" शेवटी आई म्हणाली. "पडली होतीस तर पडून राहायचं. उठलीस कशाला लगेच?" तिकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. आई पुन्हा म्हणाली, "घराचं नको बघू. घर हाय उभं. ते काय आता पडत नाय."

रविराज सरांना फोन करायला तिला आणखी दोन दिवस लागले. ते क्लबच्या संघाचे व्यवस्थापक. नाशिकचेच, म्हणून तिच्याशी मराठीत बोलायचे, आणि त्यांनीच तिला क्लबपर्यंत नेलं होतं. "अगं, बोल की," ते उत्साहाने म्हणाले, "तुझंच करत होतो. पुढच्या आठवड्यात ये, सही कर. मेडिकल काय, फॉर्मॅलिटी असते." तिने सांगितलं. सरळ, आधीपासून, संजनाचं नाव न घेता.

"सविता," ते हलकेच म्हणाले, "तू हे मला अधिकृतपणे सांगत असशील तर मला वर कळवावं लागेल. मग करार थांबेल. तुझ्या जागेवर घ्यायला ते कोणालातरी बघतायत आधीच, तुला माहितीये. तू आत्ता थर्टीच्या जवळ आहेस बाळा. एकदा थांबलं की... असं करू का, हा फोन आलाच नाही असं समजू? तू महिनाभर आराम कर, बरी हो, मग बघू."

त्यांच्या आवाजात खरी माया होती, तेच अवघड होतं. तिच्या डोळ्यांसमोर तो फलक आला, डॉक्टरांच्या खांद्यामागचा, आणि त्यावरची ती ठळक अक्षरं. किती सोपं होतं तेव्हा. "नाही सर," ती म्हणाली, "फोन आलाय. तुम्ही कळवा."

कळवल्यावर जे व्हायचं ते झालं. क्लबने काळजी घे म्हणून कळवलं आणि तिच्या जागी केरळची एक मुलगी घेतली. संघाच्या ग्रुपवर पोरींनी बदाम पाठवले. संजनाचा फोन आला, ती रडत होती, आणि सविताला तिची समजूत घालावी लागली. मग दिवस रिकामे झाले. पडदे ओढलेली खोली, ओला टॉवेल कपाळावर, खालच्या गल्लीतून जाणाऱ्या स्कूटी, देवळाची घंटा, कुणीतरी कुणाला मारलेली हाक. इतकी वर्षं तिचा दिवस शिट्टीने सुरू झाला होता. आता उठून करायचं काय हे सांगायला शरीरात कोणी नव्हतं. अशा एका दुपारी चतुराबाई जिना चढून वर आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरी, तू आजारी शे का रुसलेली शे, ते सांग. म्हणजे तसा सैपाक करते." अहिराणी त्यांच्या बोलण्यात अशी मध्येच यायची. सविताने सांगितलं. चतुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरचं पुस्तक उचललं. "हे वाचायचं? मी सातवी शिकलीये. सासरी आल्यावर पोथीशिवाय काही वाचलं नाही. पण अक्षरं काय, तीच असतील."

त्या रोज वाचू लागल्या. सकाळी थोडं, दुपारी थोडं. पोथीच्याच चालीवर, ओळीच्या शेवटी आवाज उतरवत. अवघड शब्द आला की त्या तो तोडून दोनदा वाचायच्या. मध्येच पुस्तकाशी भांडायच्या. "कुटुंबाची कार्ये, म्हणतो. यात भांडी घासणं कुठाय? लिहिणारा बाप्या दिसतोय." सविता डोळे मिटून हसायची; हसल्यावर कानशिलात ठणकायचं. ओळी आता घसरत नव्हत्या, कारण ओळी नव्हत्याच, आवाज होता. काही राहायचं, काही निसटायचं. निसटलेल्याच्या मागे धावायचं नाही, हे तिला हळूहळू जमू लागलं. धावल्याशिवाय पडून राहणं तिने पूर्वी कधी केलंच नव्हतं.

एका दुपारी प्रकरण आलं ते आदिवासी समाजाचं. चतुराबाई वाचत होत्या, "हंगामी स्थलांतराचे कारण म्हणजे सिंचनाचा अभाव व अल्प भूधारणा. भातकापणीनंतर ही कुटुंबे बागायती पट्ट्यात मजुरीसाठी..." त्या थांबल्या. "हे तुमच्याकडचं आहे ना गं?"

"हो."

"आमच्या मळ्यात यायची. कांद्याच्या लागणीला. तुमच्याच डोंगरातली. ट्रकमधून उतरायची, मळ्याच्या कडेला झोपड्या टाकायची. बायका किती भरभर लावायच्या, वाकल्या की उठायच्या नाहीत. एक होती, बायडाबाई नावाची, पोराला झोळीत बांधून आणायची." त्यांनी पुस्तक मांडीवर उलटं ठेवलं. "संध्याकाळी मी तिला ताक द्यायची. ती पोराला पाजत एकटीच बसायची, तोंड डोंगराकडं करून. मला वाटायचं, दमली असेल."

सविताने डोळे उघडले. छत अंधूक होतं. "घरी आणखी असतील," ती म्हणाली. "लहानाला नेतात. मोठ्यांना ठेवतात."

चतुराबाई तिच्या जवळ सरकल्या.

"आई-बाबा दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला जायचे. दिवाळी झाली की. मला आश्रमशाळेत ठेवायचे, धनराजला बरोबर न्यायचे. जाताना आई काहीच सांगायची नाही. आदल्या रात्री नागलीच्या भाकरी जास्त थापायची, त्यावरून मला कळायचं. मग गाव सगळं रिकामं. सुट्टीत घरी गेलं तर म्हातारी माणसं आणि कुत्री. म्हणून मी सुट्टीतपण शाळेच्या मैदानावरच राहायची. भिंतीवर चेंडू मारायची. तो परत यायचा." ती थांबली. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे हेच तिला माहीत नव्हतं. "पुस्तकात आहे का हे?"

चतुराबाईंनी पुस्तक सुलटं केलं, बोट ठेवून परिच्छेद खालपर्यंत पाहिला, पान उलटून पाहिलं. "मुलांच्या शिक्षणावर प्रतिकूल परिणाम होतो, एवढं आहे." "इतकी वर्षं ती बाई यायची. मागं कोण राहिलंय, असं मी एकदापण विचारलं नाही गं."

"मागं मी राहायची," सविता म्हणाली. त्यात राग नव्हता. चतुराबाईंनी तिच्या कपाळावरचा टॉवेल उचलला, बादलीत बुडवला, पिळला आणि परत ठेवला. हात जरा जास्त वेळ तिथेच राहिला.

जूनमध्ये डॉक्टरीणबाईंनी तिला एका पेपराची परवानगी दिली. बाकीचे पुढच्या वेळी. परीक्षेच्या वर्गात निरनिराळ्या वयाची माणसं बसली होती. पुढे एक कंडक्टर गणवेशातच आला होता, शेजारी एक बाई पदराने सारखा घाम टिपत होती. पंखा खडखडत होता. प्रश्नपत्रिका हातात आल्यावर सविताने ती पालथी ठेवली, श्वास घेतला, मग एकेक प्रश्न बोटाखाली धरून वाचला. पहिले दोन जेमतेम लिहिले. तिसऱ्याला डोळ्यांमागे ओळखीचा ठणका सुरू झाला. तिने पेन खाली ठेवून डोळे मिटले, आणि ठणका ओसरेपर्यंत थांबली. पर्यवेक्षक जवळ येऊन म्हणाले, "बरं वाटत नाही का? वेळ जातोय." "जाऊ द्या सर," ती म्हणाली. त्यांना ते उद्धट वाटलं असावं. मग तिने शेवटचा प्रश्न वाचला. हंगामी स्थलांतराचे कुटुंबावर होणारे परिणाम स्पष्ट करा. चतुराबाईंच्या चालीवरचे मुद्दे आठवायचा तिने प्रयत्न केला. सिंचन आलं, भूधारणा आली, पुढचे आले नाहीत. ती क्षणभर त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली, आणि मग तिने लिहायला घेतलं. जे जातात त्यांच्याविषयी पुस्तकात माहिती आहे. जे मागे राहतात त्यांच्याविषयी मी लिहिते. वाक्यं लहान येत होती. एक संपलं की दुसरं येत होतं. तिला कशामागेही धावावं लागत नव्हतं. भाकरी आली, रिकामं गाव आलं, ट्रकची धूळ आली, बायडाबाई आली, मळ्याच्या कडेला डोंगराकडे तोंड करून बसलेली. उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान भरलं. वर्गात बरेच जण लिहायचं थांबवून खिडकीबाहेर बघत होते. सविताने हात वर केला आणि पुरवणी मागितली.